शब्दचर्चा: विणकामातला ‘स्वॉच’ म्हणजे नमुना, मासला की कित्ता?

लोकरगुंडी: दोन सुयांवरच्या विणकामाच्या कृती मराठीत लिहिताना एक शब्द अडतो: स्वॉच. नवी वीण हाताखाली यावी म्हणून, किंवा स्वेटरला टाके किती घालायचे ते ठरवण्यासाठी, आधी जो लहानसा चौकोन विणतात तो. ‘नमुना’ म्हणावं तर तो शब्द डिझाइनने आधीच अडवलेला आहे. ‘या नमुन्याचा नमुना विणा’ असली वाक्यं होतात. रुळलेला दुसरा शब्द आहे का?

वानगीदाखल: ‘मासला’ आणि ‘वानगी’ डोळ्यांसमोर येतात, पण दोन्ही इथे बसत नाहीत. वानगी म्हणजे असलेल्या मालातून काढून दाखवलेला अंश: पोत्यातले मूठभर गहू. मासल्याचंही तेच. इथे अख्खी वस्तू अजून जन्मालाच आलेली नाही, तुकडा आधी येतो. शिवाय ‘मासलेवाईक’मुळे मासल्याला थट्टेचा वास येतो. (‘नमुना’ही माणसाला लावला की तसाच.)

एकसुलटएकउलट: लोकरगुंडीताई, शब्द सापडत नाही कारण एका नावाखाली दोन वेगळी कामं आहेत. एक तुकडा हाताला वळण लावण्यासाठी, दुसरा मोजण्यासाठी. दोन्हींचे नियम वेगळे, म्हणून शब्दही दोन हवेत. पहिल्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: कित्ता. अक्षराचा गिरवतो तसाच विणीचा. दुसऱ्याला सरळ मापाचा तुकडा म्हणावं.

कित्त्याला लोकर गुळगुळीत, फिक्या रंगाची आणि मध्यम जाडीची घ्यावी, सुया ४ मिमीच्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीवर टाक्याचा पाय दिसत नाही आणि चूक झाल्यावर उसवताना तंतू एकमेकांत अडकतात. रुंदी मात्र सेंटिमीटरमध्ये ठरवायची नाही, विणीच्या पटीत ठरवायची; पट म्हणजे जितक्या टाक्यांनंतर रचना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते तितके टाके. लाटांची जाळी घ्या. तिची पट १८ टाक्यांची. ओळ १ सुलट, ओळ २ उलट. ओळ ३: दोन टाके एकत्र सुलट असं ३ वेळा, मग ‘सुईवर वेढा, १ सुलट’ असं ६ वेळा, मग पुन्हा दोन टाके एकत्र ३ वेळा. ओळ ४ सुलट. सहा टाके कमी झाले आणि सहा वेढ्यांनी सहा वाढले, म्हणून पटीत १८ चे १८च राहतात.

एकच पट विणून भागत नाही. एका पटीच्या शेवटच्या तीन जोड्या आणि पुढच्या पटीच्या पहिल्या तीन मिळून लाटेचा खळगा होतो. एकाच पटीत तो अर्धा दिसतो आणि वीण चुकली असं वाटत राहतं. किमान दोन पटी, आणि दोन्ही कडांना ३-३ टाके कायम सुलट: ३६ आणि ६ मिळून ४२. उंचीला चार ओळींचा संच तीनदा तरी यावा.

जाळीदार: ‘सुईवर वेढा’ लिहिलंत ते फार बरं केलंत. मराठी कृतींत सर्रास ‘धागा पुढे घ्या’ असतं आणि त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे उलट टाका विणण्यासाठी धागा दोन सुयांमधून आपल्या बाजूला आणणं. त्यात टाका वाढत नाही. दुसरा म्हणजे धागा पुढे आणून उजव्या सुईवरून मागे नेणं. यात सुईवर नवा टाका तयार होतो आणि त्याखाली भोक पडतं. नवशिकी पहिला अर्थ घेते, वेढा पडतच नाही, आणि लाटांच्या तिसऱ्या ओळीअखेर ४२ ऐवजी ३६ किंवा ३० टाके उरतात. एकदोनच कमी असतील तर तेवढेच वेढे राहिलेत. त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा पुढच्या ओळीत डाव्या सुईवर उचलून विणायचा. भोक जरा आवळलेलं राहील, पण अख्खी ओळ उसवावी लागणार नाही.

जाळीत खाली उसवत जाणं अवघड असतं. दर चार ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून शिवणसुईने एक सुती, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवावा. उसवलं तरी त्याच्या खाली काही सुटत नाही. याला मराठी नाव नाही; ‘राखण दोरा’ चालेल का?

वानगीदाखल: राखण दोरा छानच. पण एक शंका: कित्त्यावरच माप का घेऊ नये? वीण तीच, हात तोच.

एकसुलटएकउलट: हात तोच नसतो, तिथेच घोळ आहे. नवी वीण शिकताना धागा आवळला जातो. दहाबारा ओळींनंतर हात सैलावतो आणि त्याच तुकड्यात खाली एक माप, वर दुसरं निघतं. म्हणून आधी कित्ता, हात बसला की मापाचा तुकडा, आणि तो प्रत्यक्ष वापरायच्याच लोकरीचा, त्याच सुयांवर.

मोजायचं १० सेंमी बाय १० सेंमी, पण तुकडा तेवढाच नको. कडेचे टाके ओढलेले असतात, घातलेल्या टाक्यांची कड घट्ट असते, म्हणून साधारण १५ सेंमीचा करून मधले १० मोजावेत. ४ मिमी सुई आणि मध्यम जाडीची डीके लोकर असेल तर १० सेंमीत २२ टाके, २८ ओळी हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे ३४ टाके घालून ४२ ओळी. सुईवर असताना मोजू नये. टाके बंद करावेत, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, न ओढता सपाट वाळवावं आणि मग पट्टी लावावी. लोकरीचा तुकडा धुतल्यावर पसरतो. अ‍ॅक्रिलिक फारसं बदलत नाही, पण त्यावर इस्त्रीची वाफ धरली तर ते लुळं पडतं आणि परत ताठ होत नाही.

अर्धा टाका सोडायचा नाही. १९८ टाक्यांचा घेर २२ च्या हिशेबाने ९० सेंमी, २१.५ च्या हिशेबाने ९२ आणि २० ने ९९ सेंमी. टाके जास्त बसले तर सुई जाड घ्यायची, कमी बसले तर बारीक. हात मुद्दाम सैल-घट्ट करण्याच्या नादी लागू नये, चार ओळींनंतर तो मूळपदावर येतो.

लोकरगुंडी: कित्ता पटला. आता पोटप्रश्न. ‘साबुदाणा वीण’ इंग्रजी कृतीतल्या कोणत्या नावाला लावायची? एका ठिकाणी मॉस, एका ठिकाणी सीड.

जाळीदार: ब्रिटिश कृतीतली मॉस म्हणजेच अमेरिकन कृतीतली सीड, तीच आपली साबुदाणा. अमेरिकन मॉसमध्ये मात्र दाणा दोन ओळींचा, उभट असतो. नावावर जाऊ नये, ओळी वाचाव्यात. विषम टाके घातले, समजा २१, की प्रत्येक ओळ ‘१ सुलट, १ उलट’ करत शेवटी सुलट: साबुदाणा. तीच ओळ २० टाक्यांवर सारखी विणली तर साबुदाणा न येता बॉर्डरची उभी पट्टी येते, कारण परतताना सुलटावर सुलट पडतो. सम टाके असतील तर दुसरी ओळ उलटने सुरू करायची. नियम एकच: समोर सुलट दिसला की उलट विणा, उलट दिसला की सुलट.

सुईदहा: मापाच्या तुकड्यावर सुईचा नंबर लिहिताना मिमीच लिहा. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश क्रमांक असतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५. अमेरिकन क्रमांक उलटे चालतात: ८ म्हणजे ५ मिमी आणि १० म्हणजे ६. नुसतं ‘१० नंबरची सुई’ वाचून एकीची टोपी बाळाला होते, दुसरीची चहाच्या किटलीवर घालायच्या टीकोझीसारखी.

वानगीदाखल: आणि ‘टेन्शन’ला काय? १० सेंमीत २२ टाके, हे जे प्रमाण.

एकसुलटएकउलट: ‘ताण’ लिहिलेलं आढळतं, पण ताण धाग्याला असतो, हे प्रमाण लोकर, सुई आणि वीण मिळून ठरतं. वेणीची वीण घ्या: तीन टाके तिसऱ्या सुईवर पुढे धरून पुढचे तीन आधी विणले की कापड तिथे आत ओढलं जातं, हात कितीही सैल असो. तेव्हा वेणीचा स्वेटर असेल तर मापाचा तुकडाही वेणीचाच हवा. साध्या सुलट-उलट विणीवर मोजून टाके घातले तर अंगाला आवळतो. मी ‘टाकेमाप’ लिहिते: टाकेमाप २२, ओळी २८, सुई ४ मिमी, वीण साधी, धुऊन मोजलेलं.

लोकरगुंडी: घेते. राखण दोराही. ‘टाके उचलणे’ आणि ‘टाके घालणे’ यांत एका कृतीत गल्लत दिसली, त्यासाठी वेगळा धागा काढते.