मॅन्डोलिन कानाने कसं लावायचं?

तारांबळ: काकांचं जुनं मॅन्डोलिन हाती आलंय. नव्या तारा चढवल्या, मोबाइलच्या ट्यूनरवर आठही तारांना हिरवा दिवा आणला. तरी जोडतारा, म्हणजे एकाच सुरातल्या दोन-दोन तारा, एकत्र छेडल्या की सूर डुलतो. सोसायटीच्या गणपतीत पेटीबरोबर वाजवायचंय. कानाने लावायचं तर सुरुवात कुठून करू?

खुंटीपिळे: ट्यूनर फेकून द्या असं म्हणणार नाही. पण जवळपास आलं तरी त्याचा दिवा हिरवा होतो, आणि जोडतारांना जवळपास चालत नाही.

पेटीबरोबर आहे ना? मग पेटीवाल्याकडून पांढरी सहा, म्हणजे ए हा स्वर, घ्या. ती बरोबर 440 हर्ट्झला असेलच असं नाही, पण पेटी काही तुमच्यासाठी उतरणार नाही. तारांच्या चार जोड्या जी, डी, ए, ई अशा लागतात; त्यातल्या ए च्या जोडीतल्या एका तारेत कागदाची घडी अडकवून तिला गप्प करा, दुसरी पेटीशी मिळवा. मग कागद काढून दोन्ही छेडा. वाँव-वाँव-वाँव असं ऐकू येईल. एक 440 आणि दुसरी 442 असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. खुंटी अगदी हळू पिळा. हेलकावे लांबत जातात, मग थांबतात, आणि एकच तार वाजतेय असं वाटतं. स्वर कुठला ते तेवढा वेळ विसरा, हेलकाव्यावर कान ठेवा. आणि हो, चढलेली तार उतरवायची तर थोडी जास्तच उतरवून परत वर आणा, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढिलाई दोन गाण्यांत सूर सोडते.

पुढचं सोपं आहे. डी तारेच्या सातव्या पडद्यावर (पडदा म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी) ए मिळतो, जी च्या सातव्यावर डी, ए च्या सातव्यावर ई. ई सगळ्यात शेवटी. फार बारीक असते, चेहरा लांब ठेवा.

गजरा_आणि_गज: आम्हा व्हायोलिनवाल्यांना पडदेच नाहीत, त्यामुळे दोन तारांवर एकदम गज ओढून सा-प जुळवतो. तो पंचम ट्यूनरच्या पंचमापेक्षा सुमारे 2 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा येतो. तुम्ही मात्र पेटीबरोबर आहात, पडद्याचंच ऐका.

तारांबळ: जोड्या जुळल्या! पण वरच्या पडद्यांवर अजून बेसूर.

खुंटीपिळे: घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, सरकली असणार, ती चिकटवलेली नसते. बाराव्या पडद्यावर बोट न दाबता नुसतं टेकवून घंटेसारखा बारीक स्वर (हार्मोनिक) काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी खुंट्यांच्या विरुद्ध, तारांची टोकं अडकवतात त्या बाजूला केसभर सरकवा. सगळ्या तारा एकदम सैल करू नका, घोडी हातात येईल.