रोजच्या पिकअपला उचलायचं कशाला?

पानापक्कड (धागाकर्ता)

पिकअप दारात आली की पहिल्या महिन्यातच तिला उंच करायची घाई सुरू होते. मोठे टायर, लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग), पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची पट्टी. माझं मत याच्या उलट आहे आणि ते मुद्दाम इथे मांडतोय, म्हणजे काय भांडण व्हायचं ते होऊन जाईल. जी गाडी आठवडाभर कामाला जाते आणि सुट्टीला चिखलात, तिच्यासाठी लिफ्ट हे यादीतलं शेवटचं काम. त्याआधी घरच्या घरी, हातातल्या पान्यांनी करता येण्यासारखं इतकं आहे की बहुतेकांना शेवटच्या कामापर्यंत जावंच लागणार नाही.

लिफ्टने चेसिस वर जाते, पण मागच्या अॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा डबा) जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने. २६५/६५ आर १७ चा व्यास साधारण ७७६ मिमी, २६५/७० चा ८०३. फरक २७ मिमी, त्यातले गोळ्याच्या वाट्याला १३. एवढ्यासाठी मीटरमध्ये साडेतीन टक्के फरक पडतो आणि गिअर जड होतात ते वेगळंच.

पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर उचलल्यावर ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारे सांधे) कायम वाकड्या कोनात फिरतात. रबरी बूट आधी फाटतो, मग ग्रीस उडून जातं, मग वळताना कटकट. कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झाला की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: बऱ्याच पिकअपच्या मागच्या अॅक्सलवरून चेसिसवरच्या व्हॉल्व्हकडे एक बारीक कांडी जाते. मागे वजन पडून गाडी बसली की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग भरलेल्या गाडीतसुद्धा मागचे ब्रेक कमी लागतात. किट बसवून कांडी तशीच ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. मालकांना पत्ता नसतो.

मग करायचं काय? ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर, कच्च्या वाटेवर हवा कमी करून परत भरायला चांगला गेज आणि छोटा कॉम्प्रेसर, डिफरन्शियलचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारे) पाइप लांबवून वर नेणं, चेसिसला पक्के धरलेले ओढायचे हुक, आणि नेमाने ग्रीसिंग. बोला.

चिखलमामा

पानापक्कडराव, गोळ्याचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही सोयीचा आकडा घेतलात. पिकअप गोळ्यावर अडकते त्यापेक्षा जास्त वेळा पोटावर अडकते. लांब गाडी आहे ती. टोयोटा हायलक्सचाच व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ३०८५ मिमी. मधल्या भागाखाली २२० मिमी जागा धरली तर उंचवटा ओलांडायचा कोन जेमतेम १६ अंश येतो. पन्नास मिमी उचला, तोच कोन २० च्या जवळ जातो. चार अंश कागदावर किरकोळ दिसतात. पण बांधावर चढून मधोमध टेकलेली, चारही चाकं निम्मी लोंबकळणारी पिकअप एकदा फावड्याने मोकळी करून बघा, मग सांगा किरकोळ आहेत का.

दुसरं, तुम्ही ज्या तक्रारी मांडल्यात त्या स्वस्तातल्या स्पेसरच्या आहेत. स्प्रिंगच्या डोक्यावर लोखंडी चकती ठेवायची आणि त्याला लिफ्ट म्हणायचं, हा प्रकार मलाही मान्य नाही. वजनानुसार निवडलेली स्प्रिंग, त्याच लांबीचे शॉकअप, कॅस्टर परत आणणारे सस्पेन्शनचे वरचे आर्म, मग अलाइनमेंट. चाळीस-पन्नास मिमीपर्यंत उचललेली गाडी रोज चालवतो. बूट शाबूत आहेत. कांडीचा ब्रॅकेट तेवढाच वर सरकवायचा असतो. अर्ध्या तासाचं काम आहे, बाऊ करू नका.

नटबोल्ट

उचललेल्या गाड्यांपैकी किती जण हेडलाइट खाली करून घेतात? रात्री समोरून आले की डिपरवर असूनही डोळ्यांत खुपसतात. दोन स्क्रू असतात दिव्याच्या मागे. फिरवा की!

रेतीवाली

मी दोघांशीही असहमत. माझ्या पिकअपच्या मागच्या सीटवर रोज दोन मुलं असतात, त्यामुळे मला वाळवंटापेक्षा पावसातला सिग्नल महत्त्वाचा वाटतो.

धाग्यात ऑल टेरेन टायर असे लिहिलेत जणू त्याची काही किंमतच मोजावी लागत नाही. जाड साइडवॉलचे, जास्त प्लायचे टायर मूळ टायरपेक्षा चांगलेच जड असतात. ते वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे प्रत्येक खड्डा जास्त जाणवतो. ओल्या डांबरावर थांबायचं अंतर वाढतं, आणि मड टेरेन (खास चिखलाचे, खोल खाचांचे) घेतले तर फारच वाढतं. त्यात पिकअपची मागची बाजू रिकामी असली की हलकी. ओल्या वळणावर ती आधी सुटते. कुणी त्यातच मागे एक पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) जादा घालतं, का तर उंची वाढते. रिकाम्या गाडीला जादा पाटा घातला की सस्पेन्शन हलतच नाही, चाक रस्त्यावरून उडतं.

हवा कमी करायच्या मुद्द्याला मात्र पूर्ण पाठिंबा. खडकाळ आणि चिखलाच्या वाटेवर २० पीएसआयच्या आसपास, मऊ रेतीत १५ ते १८, वेग कमी आणि स्टिअरिंगला झटके नाहीत. टायर पसरून लांब होतो, पकड कितीतरी वाढते. माझ्या पाहण्यात जेवढ्या गाड्या रुतल्या त्यातल्या बहुतेक रस्त्यावरच्याच हवेवर रेतीत घुसलेल्या होत्या. फक्त डांबरावर यायच्या आधी परत भरा. कमी हवेत वेगाने पळवलं की साइडवॉल तापतो आणि टायर फुटतो.

पानापक्कड

रेतीवालीताई, पावसाचं मान्य. म्हणूनच मड टेरेन मी लिहिले नाहीत. ऑल टेरेनमध्येही ओल्या रस्त्यावरची कामगिरी बघून घ्यावी, नुसती खाच बघून नाही.

मामा, तुमच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आहे ना? त्या दोघांचं मिळून ऐंशी किलो तर सहज होतं, आणि ते सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं. गाडी नाकावर बसली, म्हणून जड स्प्रिंग. जड स्प्रिंगने उंची वाढली, म्हणून आर्म. मग मागची खाली वाटते, म्हणून पाटे. मग मोठे टायर. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूची दुरुस्ती! आणि कंपनीने ठरवलेलं एकूण वजन मात्र तेवढंच. टपावरचा तंबू, मागचं कव्हर, जादा टाकी, माणसं आणि सामान मोजलं तर अर्ध्याअधिक सजवलेल्या गाड्या मर्यादेबाहेर निघतील. वजनकाट्यावर नेऊन बघा.

चिखलमामा

नेली आहे. मर्यादेत आहे. विंच मी एकटा फिरतो म्हणून आहे, शोभेला नाही. आणि तो बंपर एअरबॅगशी जुळणारा आहे की नाही ते तपासून घेतलाय. दुकानात वेल्डिंग करून ठोकलेला नाही.

गॅरेजवाला पुतण्या

मी हेच काम पोटासाठी करतो, त्यामुळे माझं मत कडू लागेल. लिफ्ट करावी की नाही हा तुमचा प्रश्न, पण "घरच्या घरी" हे शब्द वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबायला लोक भाड्याने मिळणारे दोन आकडे वापरतात. एक जरी निसटला तरी ती स्प्रिंग हाड मोडते. टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा) वाल्या गाडीत बोल्ट पिळून उंची वाढवतात, आणि मग चाक खाली जायला जागाच राहत नाही, प्रत्येक गतिरोधकावर वरचा आर्म स्टॉपरवर आपटतो. गाडी हायड्रॉलिक जॅकवर सोडून खाली झोपणारे तर रोज एक बघतो. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला स्टँड असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगतो. पाटे बदलले की लोक गाडी हवेत असतानाच पाट्याच्या टोकाच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. रबरी बुश त्या लोंबकळत्या स्थितीत धरला जातो. गाडी खाली ठेवली की पाटा सरळ होतो आणि बुश कायमचा पिळलेला राहतो, काही महिन्यांत फाटतो, मग "किट खराब निघालं" म्हणून ओरडा. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा वर-खाली हलवायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. पाटे धरून ठेवणारे जुने यू बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले गेलेले असतात. आणि काही दिवस चालवून परत आवळून बघायचे.

लो रेंज

पुतण्या, तू लिहिलेलं शब्दन् शब्द बरोबर आहे, आणि त्यातूनच माझा मुद्दा निघतो. हे सगळं वाचून माणूस घरी करू शकतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचं काम सोडून दे, ते तुझ्याकडेच. पण पाटे, शॉकअप, ब्रीदर, ग्रीसिंग, तेल बदलणं यासाठी गाडी दिवसभर गॅरेजला ठेवायची गरज नाही. उलट पाण्यातून आल्यावर गॅरेजवाला तुम्हाला विचारत नाही की डिफरन्शियलचं तेल बघू का. सर्व्हिस किलोमीटरवर होते, चिखलावर नाही.

मी काय करतो ते सांगतो. गोळ्याला वर भरायचा बोल्ट असतो आणि खाली सोडायचा. आधी वरचा सोडवायचा, नेहमी. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचं तेल आधीच सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच बसली. वरच्या भोकात बोट घातलं की तेल काठोकाठ लागलं पाहिजे. बोटावर स्वच्छ, वासाला उग्र, ते ठीक. दुधाळ, राखाडी दिसलं की आत पाणी गेलंय. खालच्या बोल्टला बहुतेक ठिकाणी चुंबक असतं. त्यावर बारीक काळपट लगदा असणं चालतं, पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले की दात गेलेत.

पाणी जातं कसं, तर गरम झालेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असला की तिथून, नाहीतर ऑइल सीलच्या कडेने. लांब पाइप टाकून ब्रीदर वर नेणं हे धाग्यातलं सगळ्यात फायद्याचं वाक्य आहे, आणि त्यावर कुणीच भांडलं नाही.

मागे ड्रम ब्रेक असतील तर चिखलानंतर ड्रम काढून धुवा. आत वाळलेला थर लायनरला पॉलिश पेपरसारखा घासतो. हवेच्या पाइपने उडवू नका, ती धूळ छातीत जाते. पाण्याने ओलं करून काढा.

गॅरेजवाला पुतण्या

बोट घालून बघणारे गिऱ्हाईक मला आवडतात. ते खोटं ऐकून घेत नाहीत. पण तुमच्यासारखे कमी, व्हिडिओ बघून इम्पॅक्ट गनने व्हील नट ठोकणारे जास्त.

नटबोल्ट

स्नॉर्कल (इंजिनची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा पाइप) राहिलं. स्नॉर्कल लावलं की गाडी पाणबुडी झाली असं समजणारे आहेत. एअर फिल्टरच्या डब्याला खाली पाणी जायचं भोक तसंच उघडं, जोड सील केलेले नाहीत, अल्टरनेटर खालीच. कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली हायलक्सला ७०० मिमी, फोर्ड रेंजरला ८०० मिमी, तीही विनास्नॉर्कल. धुळीच्या रस्त्यावर ताफ्यात मागे चालत असाल तर मात्र त्याचा उपयोग आहे, वरून हवा जरा स्वच्छ मिळते.

रेतीवाली

आणि हुकचा मुद्दा एका ओळीत उरकू नका. ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला पट्टा अडकवून रुतलेली गाडी ओढायची नाही. तो बॉल तुटून तोफगोळ्यासारखा उडतो, याने माणसं गेली आहेत. चेसिसला बसवलेला, ताकद लिहिलेला हुकच वापरायचा आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं.

नवाच आहे

सगळं वाचलं. मी जुनी पिकअप घेतली आहे, आधीच्या मालकाने पुढे स्पेसर टाकून उचललेली आहे. मोठ्या टायरचे चट्टे मडगार्डच्या आत दिसतात. डांबरावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग सैल वाटतं. काढून टाकू का तसंच चालवू?

पानापक्कड

काढा. मूळ स्थितीत आणा, अलाइनमेंट करा, मग वर्षभर चालवून ठरवा.

चिखलमामा

एवढी घाई नको. सैल स्टिअरिंग म्हणजे स्पेसरच असं नाही, टाय रॉडचे एन्ड किंवा बॉल जॉइंट गेलेले असू शकतात. पुढचं चाक स्टँडवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवून बघा, खडखड कुठून येते ते शोधा. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर किती येतो ते इथे लिहा.

लो रेंज

आणि त्याच्याही आधी मागची ती कांडी बघा. मागे पाटे किंवा ब्लॉक टाकून उचलली असेल आणि कांडीचा ब्रॅकेट मूळ जागीच असेल, तर स्टिअरिंगचं नंतर, ब्रेकचं आज. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर मोजून टाका, गाडी रिकामी आणि सपाट जमिनीवर. पुढे किती आणि मागे किती उचललीय ते कळलं की काढायचं की ठेवायचं यावर मामा आणि पानापक्कड भांडतीलच.