सेल्स सॉफ्टवेअरसाठी नोकरी कधी सोडावी: पहिल्या दहा ग्राहकांआधी की नंतर?

बाणेरकर
पुण्यातल्या आयटीवाल्यांचा आवडता बेत: राजीनामा द्यायचा आणि किराणा मालाच्या वितरकांच्या सेल्समनसाठी ऑर्डर घेणारं अ‍ॅप काढायचं. माझं मत स्पष्ट आहे. दहा वितरक पैसे भरून वापरत नाहीत तोवर नोकरी सोडू नये.

दर सेल्समनमागे महिना 300 रुपये धरा. आठ सेल्समन असलेला वितरक 2,400 देईल. महिन्याला दीड लाख जमायला 63 वितरक लागतात. त्यातून सर्व्हर, एसएमएस, शिकवायला जाणाऱ्या मुलाचा पगार आणि त्याचं पेट्रोल. फुकट पायलट, म्हणजे चाचणीपुरता वापर, हिशेबात धरूच नका. 'छान आहे, चालू राहू दे' म्हणणारे शेठ बिल गेलं की फोन उचलत नाहीत.

घाटमाथा
असहमत. वितरक भेटतो सकाळी, सेल्समन बीटवर (ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर) निघायच्या आधी, नाहीतर संध्याकाळी वसुली जुळवताना. नेमका तेव्हाच तुमचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) नाहीतर क्लायंट कॉल. रविवारी गोडाऊन बंद. नोकरीत राहून दहा वितरक मिळवायचे कधी?

दुसरं, कोड कोणाचा? प्रताधिकार कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात तयार झालेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारी कंपनीच असते. आणि नेमणूकपत्रातली कलमं बरेचदा याहून लांब हात पसरतात. रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडवरही वाद होऊ शकतो. उलट, नोकरी सोडल्यावर स्पर्धा करू नये या अटीला फार भिऊ नका, करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. जुन्या कंपनीची ग्राहकयादी सोबत नेऊ नका.

गिरीश मातृभूतम यांनी 2010 मध्ये झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी सोडली, त्यांचं स्वतःचं फ्रेशडेस्क बाजारात आलं 2011 मध्ये. आधी राजीनामा, मग ग्राहक.

बाणेरकर
उदाहरण अर्धंच दिलंत. झोहोत त्यांचं काम हेल्पडेस्क (तक्रारी-शंका हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर) उत्पादनाचंच होतं, फ्रेशडेस्कही तेच, आणि फ्रेशडेस्क घेणारा ग्राहक वेबसाइटवर येऊन कार्डाने पैसे भरायचा. तुमचा वितरक मार्केट यार्डात बसलाय, त्याला दोनदा-तीनदा जाऊन भेटावं लागतं.

खतावणी
दोघंही तारखेवरून भांडताय, धंदा अडतो टॅलीपाशी, म्हणजे वितरकाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी. अ‍ॅपमधली ऑर्डर टॅलीत पडली नाही तर मुनीम ती पुन्हा हाताने टाकतो, आणि दोन महिन्यांत अ‍ॅप बंद.

टॅलीला 9000 पोर्टवर (संगणकातल्या त्या क्रमांकाच्या जोडणीवर) एक्सएमएल या मांडणीत नोंद पाठवता येते, पण वितरकाचा संगणक चालू आणि टॅली उघडी हवी. एक्सएमएलमध्ये कंपनीचं नाव दिलं नाही तर त्या वेळी जी कंपनी उघडी असेल तिच्यात नोंद जाते. लेजरचं (खात्याचं) नाव जुळायला हवं, 'श्री गणेश ट्रेडर्स' आणि 'श्री गणेश ट्रेडिंग' टॅलीला वेगळे. टॅलीच्या एज्युकेशनल मोडमध्ये (परवान्याशिवाय शिकण्यापुरत्या वापरात) चाचणी घेणाऱ्यांना एक सूचना: तिथे फक्त 1, 2 आणि 31 तारखेच्या नोंदी होतात. बिघाड तुमच्या कोडमध्ये शोधत बसाल.

दुसरा घोळ नेटवर्कचा. ऑर्डर सर्व्हरला पोचते, पोच परत येत नाही, अ‍ॅप तीच ऑर्डर पुन्हा पाठवतं. दुकानदाराच्या दारात दुप्पट माल उतरतो. म्हणून ऑर्डरचा क्रमांक फोनवरच तयार करा आणि एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो गिळावा. दहावर एक फुकट अशा स्कीमचा हिशेबही ऑफलाइन व्हायला हवा.

घाटमाथा
हे सगळं नोकरी सांभाळून कसं तपासणार, तेवढं सांगा!

बाणेरकर
एका वितरकाकडे, दोन सेल्समनवर, रजा टाकून. टॅलीची जोडणी आधी, जीपीएस ट्रॅकिंग सगळ्यात शेवटी. ते पहिल्याच दिवशी लावलं की सेल्समन फोन घरी विसरतात. आणि गृहकर्ज घ्यायचं असेल तर पगार चालू असतानाच घ्या. नंतर बँक व्यवसायाची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते.