निरंक म्हणजे शून्य, मग 'नल'ला काय म्हणायचं?

गंगापूर रोडहून:
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. माझं काम द्राक्षावरच्या केवडा रोगाचं (डाऊनी मिल्ड्यू), म्हणजे निफाड, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरीच्या पावसाच्या जुन्या वह्या एका टेबलात, बागांमधली रोगाची निरीक्षणं दुसऱ्यात, आणि गाव नि तारीख धरून दोन्हीचा जॉईन, म्हणजे जुळणाऱ्या ओळी जोडणं. प्रबंध मराठीत लिहितेय, क्वेरीला पृच्छा लिहिलं, टेबलला तक्ता, पण 'नल'ला (NULL, म्हणजे डेटाबेसमध्ये ज्या रकान्यात काही भरलेलंच नाही तो) काय लिहू? एका सरांनी 'निरंक' सुचवलं. निर् अधिक अंक, आकडाच नाही, फोड बरोबर बसते. तरी मन मानत नाहीये.

निफाडहून:
ताई, मानू नकाच. फोड काहीही सांगो, कचेरीत निरंक म्हणजे शून्य. निरंक अहवाल पाठवला म्हणजे आम्ही पाहिलं, मोजलं, काही निघालं नाही. वहीत १२ तारखेपुढे निरंक असेल तर माणूस पर्जन्यमापकापाशी जाऊन आलाय आणि थेंबही पडलेला नाही. रकाना कोरा असेल तर तो गेलाच नसेल, पाऊस धो धो पडलाही असेल. दोन्हीला एक शब्द कसा चालेल?

गंगापूर रोडहून:
अगदी हेच झालं काका! चार दिवसांची सरासरी काढत होते, १०, २०, निरंक आणि एक कोरा. कोरा नल ठेवला तर सरासरी काढणारं एव्हीजी (AVG) त्याला मोजतच नाही, ३० भागिले ३, १० मिमी. त्यालाही शून्य धरलं की ७.५. आणि रोगाच्या तक्त्यात तर जास्तच, लेफ्ट जॉईन केला की पावसाची प्रत्येक तारीख राहते, पण त्या दिवशी बागेत कुणी गेलंच नसेल तर रोगाच्या रकान्यात नल येतो. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, चिखलामुळे कुणी बागेत शिरलं नाही, आणि मी तिथे 'केवडा निरंक' लिहिलं तर बाग स्वच्छ होती असं होईल, नेमकी ज्या दिवसांत भीती सगळ्यात जास्त असते त्याच दिवसांत.

सातपूरहून:
कोड लिहिणारा म्हणून सांगतो, एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, 'पाऊस बरोबर नल' अशी अट घातली तर एक ओळ येत नाही. नल म्हणजे माहीत नाही, आणि दोन माहीत नसलेल्या गोष्टी सारख्या आहेत का, तेही माहीत नाही. म्हणून 'इज नल' असं वेगळं विचारावं लागतं. शून्याचं असं काही नसतं. जाता जाता, जॉईनच्या आधी रोगांची नावं बघा, कुणी केवडा लिहितं कुणी डाऊनी, मशीनला ते दोन रोग. आणि बाजरीचं टेबल कधी जोडलंत तर तिथलाही केवडा येईल, ज्याला आपण गोसावी म्हणतो, तो वेगळाच. म्हणून डेटा इंटिग्रेशनला मी एकत्रीकरण म्हणत नाही, सांगड घालणं म्हणतो. एकत्र तर पोत्यातही भरता येतं.

गंगापूर रोडहून:
सांगड घेतलं, फार आवडलं. मग नलला सरळ 'कोरा' लिहू का?

निफाडहून:
'कोरा दिवस' वाचून लोक कोरडा दिवस समजतील ना, पावसाच्या तक्त्यात तरी नको. 'नोंद नाही' लिहा. दोन शब्द झाले तरी चालतील, आणि निरंक फक्त मोजून शून्य आलेल्या जागी.