मोतीबिंदूनंतर पुन्हा धूसर : लगेच लेझर करावं का?

सायली_क : आईच्या उजव्या डोळ्यात भिंग बसवून तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी त्याच डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आत गॅस भरला होता. आता तिला सगळं धुक्यातून दिसतं, रात्री गाडीचा दिवा समोर आला की पांढरं पसरतं. चष्मा बदलूनही फरक नाही. डॉक्टर म्हणतात जाळी आली आहे, लेझर करू. करावं का?

जुना_चष्मा : ताई, लेझरआधी एकदा विचारा, धूसरपणा नेमका कशात आहे? भिंगामागच्या पिशवीत (मूळ भिंगाचं पातळ आवरण, नवं भिंग त्यातच बसवतात) की खुद्द भिंगात? पिशवीवर जाळी म्हणजे धूसर पापुद्रा येणं नेहमीचं, याग लेझरने तिथे भोक पाडलं की पुन्हा स्पष्ट दिसतं. पण भिंगच गढूळ झालं असेल तर लेझरचा काही उपयोग नाही.

माझ्या बाबांच्या बाबतीत हेच झालं. जाळी समजून लेझर केलं, नजर तसूभरही सुधारली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) बारीक उजेडात पाहिलं, तेव्हा भिंगावरच पांढरे बारीक कण दिसले, कॅल्शियमचे. मग भिंग बदलायचं ठरलं, पण लेझरने पिशवीला आधीच भोक पडलेलं. आतली जेली त्यातून पुढे येते आणि नव्या भिंगाला आधार उरत नाही. ऑपरेशन फार अवघड गेलं. तेव्हा कोणी हा प्रश्न विचारला असता तर, असं आजही वाटतं.

तुमच्या आईच्या डोळ्यात गॅस होता म्हणून मुद्दाम लिहितोय. हायड्रोफिलिक ॲक्रिलिकच्या (पाणी धरणाऱ्या प्लास्टिकच्या) भिंगावर गॅसनंतर असे कण साचू शकतात. ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं भिंगाचं कार्ड शोधा. त्यावरच्या मॉडेलवरून भिंग कशाचं ते डॉक्टरांना कळेल. आणि तक्त्यावरची अक्षरं बऱ्यापैकी वाचता आली म्हणून गप्प बसू नका. दिव्यांचा उजेड पसरतो, रंग फिके दिसतात हे स्पष्ट सांगा.

वसुधा : घाबरू मात्र नका हं. बहुतेकांना साधी जाळीच असते. माझी होती, लेझरला पाच मिनिटं लागली, दुखलंही नाही. पण गॅसचं ऐकून मीसुद्धा म्हणेन, आधी दुसरं मत घ्या.

सायली_क : कार्ड सापडलं, भिंग हायड्रोफिलिकच आहे! लेझरची तारीख पुढे ढकलली. शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करून तपासणी आहे, काय निघालं ते इथेच लिहिते.