मदत हवी आहे: कैलास लेण्यात आकाश पांढरंफटक, देऊळ काळंकुट्ट

मंडळी, डिसेंबरात वेरूळला गेलो होतो. गर्दी नको म्हणून सकाळी लवकर गेलो आणि तिथेच फसलो, असं आता वाटतंय. १६ नंबरच्या, म्हणजे कैलास लेण्यात शिरून समोरून देऊळ टिपलं. घरी येऊन पाहतो तर शीर्षकात लिहिलंय तसं. संगणकावर उजेड वाढवला, तर दगड दिसायला लागला पण ध्वजस्तंभाच्या कडा धुरात विरल्यासारख्या झाल्या. रावण कैलास हलवतोय ते शिल्प तर चिकटवलेल्या कागदासारखं सपाट.

जानेवारीत आईला घेऊन पुन्हा जातोय. तिचा एक तरी फोटो असा हवा की मागे लेणं दिसेल आणि तिने डोळे किलकिले केलेले नसतील. कॅमेरा साधा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे हातातच. किती वाजता जावं, कुठे उभं राहावं?

प्रतिसाद १
अहो, देऊळ पश्चिमाभिमुख आहे! सकाळी सूर्य देवळाच्या मागे असतो आणि तुम्ही त्याच्या तोंडावर. समोरचा फोटो दुपारी तीननंतर.

सकाळ वाया घालवू नका मात्र. लेण्याच्या दक्षिणेकडून पायवाट वर जाते, तिथून खाली बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणजे तुमच्या पाठीशी. मंडपाच्या छतावरचे चार सिंह आणि शिखर तिरप्या उन्हात असं उठून दिसतं की बस. खाली बघत असल्यामुळे आकाशाची कटकटच नाही.

रावणापुढे सरळ उभे राहू नका. दोन पावलं बाजूला सरका, हात दगडातून सुटे झालेले दिसतील. आकाश चौकटीबाहेर ठेवा आणि उजेड दगडावरून मोजा, म्हणजे कॅमेऱ्याला उजेडाचा अंदाज आकाशावरून नाही, दगडावरून घेऊ द्या.

प्रतिसाद २
आईंसाठी: त्या आणि मागचं कोरीवकाम, दोन्ही सावलीत हवं. एक उन्हात, एक सावलीत असलं की कॅमेरा गोंधळतो. देवळाच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, त्यापुढे उभं करा. वरच्या मोकळ्या आकाशाचा उजेड चेहऱ्याला पुरतो.

आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं.

धागाकर्ता
मंगळवारीच पोहोचत होतो! तिकीट बदलतो. पण मग शिखर आणि आई एका फोटोत नाहीच का?

प्रतिसाद १
वरून जमेल, सकाळी. फक्त ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत येईल. आणि चढ आहे, गुडघ्यांना आधी विचारून घ्या.