अमेरिकेत स्क्वेअर डान्स शिकायचाय, एकटीने गेलं तर चालतं का?

मोगरावेल:
नमस्कार मंडळी, आम्ही सिएटलजवळ राहतो. इथल्या लायब्ररीत पाटी लागलीय, स्क्वेअर डान्सचा बिगिनर क्लास, पहिले दोन मंगळवार फुकट. मी हॉलच्या दारातून बघून आले, चार जोड्या चौकोनात उभ्या, स्टेजवर एक आजोबा माइक घेऊन गाता गाताच पुढे काय करायचं ते सांगतात आणि आठही जण तसं करत जातात, मला शाळेतला गोफच आठवला, फक्त दोऱ्या नाहीत. फार आवडलं. वय ५६, भोंडला, फुगडी आणि दांडिया एवढाच अनुभव. नवरा नाही म्हणतोय. एकटीने जाता येतं का? आणि ते घेरदार स्कर्ट घ्यावेच लागतात का? गुडघेही थोडे कुरकुरतात.

रानजाई:
ताई बिनधास्त जा! मी कोलोरॅडोत सहा वर्षं जातेय, पहिल्या दिवशी मला एका आजींबरोबरच उभं केलं होतं, दोन बायकांची जोडी सर्रास चालते. जुने मेंबर मुद्दाम नवख्यांच्या चौकोनात उभे राहतात, त्यांना एंजल म्हणतात, चुकलीस की हळूच खांद्याला धरून वळवतात. स्टेप्स अशा नसतातच गं, तालात चालायचं, लक्षात ठेवायचे ते कॉल, म्हणजे माइकवरून येणाऱ्या सूचना. बाईच्या जागी उभं राहिलं की डावीकडे पार्टनर, उजवीकडे कॉर्नर, म्हणजे शेजारच्या जोडीतला, एवढं घोकून जा. अलेमांड लेफ्ट म्हटलं की कॉर्नरला डावा हात देऊन फिरायचं, मग राइट अँड लेफ्ट ग्रँड, म्हणजे पार्टनरला उजवा, पुढच्याला डावा, त्यापुढच्याला उजवा, वेणी घातल्यासारखं. स्कर्टची गरज नाही, सुटसुटीत काहीही घाल. पण काचेच्या बांगड्या नकोत, अलेमांडला मनगटाच्या वर धरतात, माझ्या दोन पिचल्या आणि समोरच्या काकांच्या हाताला ओरखडा आला, मला इतकं वाईट वाटलं.

सदाफुली_७१:
गुडघ्यांसाठी बूट नीट बघा, जाड रबरी सोल जमिनीला चिकटतो, पाय वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुळगुळीत तळाचे घ्या. दोन गाण्यांची एक टिप असते, मग ब्रेक, तेव्हा दमलात तर एखादी टिप बसून काढा, कोणी काही म्हणत नाही. मिस्टरांनाही एकदा नुसतं बघायला न्या.

भटका_जर्मनीत:
मी म्युनिकजवळच्या क्लबात जातो. कॉल जगभर इंग्लिशमध्येच असतात, त्यामुळे माझं जर्मन कच्चं असतानाही पहिल्या दिवसापासून आत होतो, या परक्या गावात माझी ओळखीची माणसं तिथेच झाली. आणि ताई, तुमच्या वॉशिंग्टन राज्याचं तर १९७९ पासून हे राज्यनृत्य आहे! सुरुवातीला हल्ली पन्नासेक कॉलच शिकवतात, दहा-बारा आठवडे एकही वार चुकवू नका, मागे पडलं की जड जातं.

मोगरावेल:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आले!! बांगड्या घरी काढून ठेवल्या. तिसऱ्या गाण्यात मी डाव्याऐवजी उजवा हात दिला आणि आमचा अख्खा चौकोन विस्कटला, मी सॉरी म्हणणार तोच सगळ्यांनी मला धरून समोरासमोर दोन ओळी केल्या, कॉलर आजोबांनी आमच्याकडे बघितलं आणि पुढच्या कॉलला आम्हाला परत आत घेतलं. पुढच्या मंगळवारी नवरा गाडी चालवत येतोय, आत येऊन बसणार म्हणालाय.